वेदनाशमनाच्या फेरीत फार्मासिस्टही हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगावरील नवी औषधे, नवी यंत्रे आणि अवघड शस्त्रक्रिया यांविषयी वृत्तपत्रांतून बरेच छापून येते आणि ते यावेही. पण त्या रुग्णाला रात्री झोप लागते का, हा प्रश्न त्या मजकुरात क्वचितच डोकावतो. उपचार सुरू असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना आणि आजार पसरल्यावर सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना वेदना असते, असे जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. यातील बरीचशी वेदना जुन्या, परिचित औषधांनी आटोक्यात आणता येते. तरीही ती आटोक्यात येत नाही, याची कारणे अनेक आहेत. त्यांतल्या एकाच कारणाबद्दल, म्हणजे रुग्णालयातील फार्मासिस्टला या कामात दिल्या न जाणाऱ्या जागेबद्दल, मला लिहायचे आहे. नोकरीची बहुतेक वर्षे रुग्णालयाच्या औषध विभागात गेलेली असल्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही.

फार्मासिस्ट म्हणजे खिडकीआडून चिठ्ठी घेणारा, गोळ्या मोजून देणारा आणि साठ्याच्या वहीत आकडे भरणारा माणूस, अशी रुग्णांची समजूत असणे स्वाभाविक आहे. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचीही तीच समजूत असावी, हे मात्र खटकते. अफूतून मॉर्फिन वेगळे काढले ते १८०५ च्या सुमारास, जर्मनीतील पाडरबॉर्न येथील एका औषधालयात काम करणाऱ्या फ्रीडरिश सेर्ट्युर्नर या तरुणाने. तो डॉक्टर नव्हता. अफूची ताकद दर खेपेला वेगळी निघत असे. शुद्ध मॉर्फिन हाती आल्यावरच वेदनेचे औषध मोजूनमापून देणे शक्य झाले. म्हणजे वेदनाशमनातील मोजमापाची सुरुवातच औषधालयात झालेली आहे, आणि दोनशे वर्षांनंतर त्याच औषधालयातल्या माणसाला वॉर्डात ‘तुमचे इथे काय काम?’ असे विचारले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी सौम्य औषधापासून तीव्र औषधापर्यंत चढत जाणारी तीन पायऱ्यांची पद्धत जाहीर केली. २०१८ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत पायऱ्यांचे महत्त्व कमी झाले, परंतु औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे, त्या त्या रुग्णाच्या गरजेनुसार द्यावे आणि बारकाव्यांकडे लक्ष द्यावे, ही चार सूत्रे राहिली. पहिली तीन डॉक्टरांच्या लेखणीतून कशीबशी केसपेपरवर उतरतात. चौथे सूत्र कुणाच्याच नावावर नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की ते फार्मासिस्टच्या नावावर लेखी स्वरूपात चढवावे, आणि त्यासाठी त्याला खिडकीआडून बाहेर काढून रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊ द्यावे.

हे बारकावे कोणते, ते सांगितल्याशिवाय ही मागणी हवेतली वाटेल. साधे, म्हणजे लगेच अंगात उतरणारे मॉर्फिन सामान्यतः दर चार तासांनी द्यावे लागते. मध्येच कळ उठली तर द्यायची जादा मात्रा दिवसभराच्या एकूण मात्रेच्या एक दशांश ते एक षष्ठांश असावी, असा संकेत आहे. दिवसाला ६० मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णासाठी ती ६ ते १० मिलिग्रॅम होते. वेदना वाढली की डॉक्टर मूळ मात्रा ६० वरून ९० वर, मग १२० वर नेतात, आणि औषधांच्या तक्त्यावर जादा मात्रा मात्र पहिल्या दिवशी लिहिलेली ५ मिलिग्रॅमच राहते. रुग्ण मध्यरात्री कळवळतो, सिस्टर तक्त्याप्रमाणे ५ मिलिग्रॅम देतात, काही उपयोग होत नाही, आणि सकाळच्या राऊंडला ‘मॉर्फिनचा या रुग्णावर परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. यात कुणी हलगर्जीपणा केलेला नसतो. दोन आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, हे रोज पाहण्याचे काम कुणाला दिलेलेच नसते.

याहून धोकादायक जागा म्हणजे औषधाचा मार्ग बदलतो ती. तोंडावाटे घेतलेल्या मॉर्फिनचा मोठा भाग यकृतातच खर्ची पडतो. त्यामुळे तोंडावाटे ३० मिलिग्रॅमचे काम इंजेक्शनातून साधारण १० मिलिग्रॅम करते. उलट्या सुरू झाल्या किंवा शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवले म्हणून गोळीचे इंजेक्शन करताना जुनाच आकडा उतरवला गेला, तर रुग्णाला एकदम तिप्पट औषध जाते. परतीच्या वाटेवर तीच चूक झाली, तर एक तृतीयांशच मिळते आणि वेदना उसळते. एक औषध थांबवून त्याच गटातले दुसरे सुरू करताना कोष्टकातील समतुल्य मात्रा जशीच्या तशी न देता सहसा पाव ते निम्म्याने कमी करावी लागते, कारण एका औषधाला सरावलेले शरीर दुसऱ्याला तितकेच सरावलेले नसते. याच गटातल्या मेथाडोनची तर गोष्टच निराळी: ते शरीरातून बाहेर पडायला लागणारा काळ माणसागणिक बदलतो, आणि आधीच्या मॉर्फिनची मात्रा जितकी मोठी तितके रूपांतराचे गुणोत्तरही बदलते. हे हिशेब गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, दाराशी रांग उभी असताना करण्याचे नाहीत. शांतपणे बसून करण्याचे आणि दुसऱ्याने तपासण्याचे आहेत.

मूत्रपिंडांचा विचार हा असाच एक विषय. मॉर्फिनचे शरीरात विघटन होऊन जे घटक तयार होतात ते लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे मंदावली की ते साचतात आणि रुग्णाला गुंगी येते, हातपाय झटके देऊ लागतात, श्वास मंदावतो. कर्करोगात मूत्रपिंडे मंदावण्याला निमित्ते पुष्कळ असतात: सिस्प्लॅटिनसारखे केमोथेरपीचे औषध, शरीरातील पाणी कमी होणे, मूत्रमार्गावर दाबणारी गाठ. गेल्या आठवड्यात योग्य असलेली मात्रा या आठवड्यात जास्त ठरू शकते. मूत्रपिंडे मंदावल्याची खूण असलेले क्रिएटिनिन रक्ततपासणीत वाढलेले दिसते, पण तो कागद एका फाइलमध्ये आणि औषधांचा तक्ता दुसऱ्या ठिकाणी असतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा माणूस लागतो. ते वाचले तर मात्रा कमी करता येते, दोन मात्रांतील अंतर वाढवता येते किंवा फेंटॅनिलसारख्या, अशा स्थितीत तुलनेने सुरक्षित औषधाकडे वळता येते.

औषधांची आपापसातील भांडणे तर वेगळ्या पत्राचा विषय होतील, म्हणून दोन-तीनच सांगतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला नसांच्या वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन किंवा नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन दिले, तर ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप शरीरात तयार होते त्याच विकराला ही औषधे अडवतात. वेदनेवरचा उपाय मूळ उपचाराच्या मुळावर येऊ शकतो. कोडीनचे मॉर्फिन होण्यासाठीही तोच विकर लागतो, आणि काही माणसांत तो जन्मतःच निष्क्रिय असतो. त्यांना कोडीनचा उपयोग जवळजवळ होत नाही, आणि ‘सांगितल्याप्रमाणे औषध घेऊनही दुखते’ असे म्हणणारा रुग्ण नाहक संशयाचा धनी होतो. तोंडात बुरशी झाली म्हणून फ्लुकोनॅझोल सुरू केले की फेंटॅनिलची रक्तातील पातळी वाढू शकते. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना नियमित पॅरासिटॅमॉल चालू असेल, तर जंतुसंसर्गाची पहिली खूण असलेला ताप झाकला जातो. यांतले काहीच गुप्त ज्ञान नाही, सारे पाठ्यपुस्तकांत आहे. प्रत्यक्षात ते योग्य क्षणी कुणाच्या तरी डोक्यात असावे लागते.

आता एक पाहिलेली गोष्ट. जबड्याच्या कर्करोगामुळे नाकातून नळी घातलेल्या एका वृद्धांना घरी सोडताना बारा तास हळूहळू पाझरणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या गेल्या. पुढच्या भेटीत मुलगा सांगू लागला की बाबा सकाळचा डोस दिल्यावर तास-दोन तासांत इतके सुस्तावतात की हाकेला ओ देत नाहीत, आणि दुपारनंतर वेदनेने उशी आवळून बसतात. त्यामुळे सकाळचा डोस कमी करावा, असे घरच्यांना वाटत होते, आणि संध्याकाळचा वाढवावा, असेही. माझ्या सहकारी फार्मासिस्टने फक्त एवढेच विचारले, ‘दादा, गोळी नळीतून कशी देता?’ मुलाने मोठ्या निगुतीने सांगितले की खलबत्त्यात अगदी बारीक पूड करतो, पाण्यात ढवळतो, एक कणही वाया जाऊ देत नाही. हळूहळू पाझरणारी गोळी कुटली की बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते. सकाळची झापड आणि दुपारची कळ या दोन्हींचे मूळ त्या खलबत्त्यात होते. चिठ्ठीवरची मात्रा बरोबर होती. गोळ्यांऐवजी पातळ मॉर्फिन दर चार तासांनी नळीतून सुरू झाले आणि रात्री झोपमोड नको म्हणून निजताना दुप्पट मात्रा ठरली. मुलाला मात्र खूप अपराधी वाटत राहिले. ज्याला कुणी काही सांगितलेच नव्हते त्याने स्वतःला दोष देत बसावे, याचे मला त्या वेळीही वाईट वाटले आणि आजही वाटते.

पातळ औषधातही खाचखळगे आहेतच. मॉर्फिनची द्रावणे वेगवेगळ्या तीव्रतेची असतात. ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असलेले आणि १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असलेले द्रावण यांत दसपट फरक आहे. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत झाली की काय होईल, हे सांगायला नको. म्हणून बाटलीबरोबर मापाची पिचकारी द्यावी, तिच्यावर कायम टिकणाऱ्या शाईने खूण करावी आणि घरच्या माणसाकडून समोर एकदा पाणी भरून घ्यावे. याला पाचच मिनिटे लागतात, पण ती खिडकीतून हात बाहेर काढून देता येत नाहीत.

त्वचेवर लावायच्या फेंटॅनिलच्या पॅचचेही तसेच. तो साधारण ७२ तास चालतो, पण पहिल्यांदा लावल्यावर पूर्ण परिणाम दिसायला बारा ते चोवीस तास लागतात; तोवर आधीचे औषध एकदम बंद केले तर रुग्ण मधल्यामधे लटकतो. पॅच काढल्यानंतरही त्वचेत साठलेले औषध बराच काळ रक्तात उतरत राहते. पॅचवर गरम पाण्याची पिशवी शेकायला ठेवली किंवा अंगात जोराचा ताप असला तर औषध वेगाने शोषले जाते. मॉर्फिनच्या गटातील औषधांची सवय नसलेल्या रुग्णाला तो लावायचाच नसतो. आणि वापरून काढलेल्या पॅचमध्येही एखाद्या लहान मुलाच्या जिवाला धोका होईल एवढे औषध उरलेले असते. चिकट बाजू आत दुमडून त्याची सांगितलेल्या पद्धतीने विल्हेवाट लावावी लागते. यांपैकी किती गोष्टी पॅच मिळालेल्या कुटुंबाला ठाऊक असतात, हे आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी स्वतःच आठवून पाहावे.

बद्धकोष्ठतेबद्दल लिहायला लोक संकोचतात, आणि नेमक्या त्याच कारणाने अनेक रुग्ण मॉर्फिन सोडून देतात. मळमळ आणि झापड बहुतेकांची आठवडाभरात ओसरते. बद्धकोष्ठतेला मात्र शरीर सरावत नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच सेन्ना किंवा बिसाकोडिलसारखे आतड्यांना चालना देणारे औषध सुरू करायचे असते, त्रास झाल्यावर नव्हे. घरोघरी माहीत असलेला इसबगोल इथे कामाचा नाही. पाणी कमी पिणाऱ्या, आतडी मंदावलेल्या रुग्णात तो आतच घट्ट होऊन बसू शकतो. पोट फुगलेले, भूक मेलेली, आणि विचारले तर ‘ठीक आहे’ असे उत्तर, अशा रुग्णाला ‘शेवटचे पोट कधी साफ झाले?’ असा थेट प्रश्न विचारणारे कुणीतरी हवे. डॉक्टरांना तो विचारायला वेळ नसतो, आणि रुग्णाला डॉक्टरांसमोर तो विषय काढायची लाज वाटते. गोळ्या देणाऱ्या माणसाशी तो अधिक मोकळेपणाने बोलतो, असा माझा अनुभव आहे.

मॉर्फिनची भीती हा यातला सर्वांत चिवट भाग. ‘व्यसन लागेल’, ‘हे शेवटचे औषध आहे’, ‘आत्ताच घेतले तर पुढे काय उरेल’, ही वाक्ये नातेवाइकांच्या तोंडी असतात आणि कधी कधी तरुण डॉक्टरांच्याही. एकदम बंद केल्यावर शरीराने तक्रार करणे आणि हानी होत असतानाही औषधाच्या मागे धावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अपेक्षित आहे आणि मात्रा हळूहळू उतरवून टाळता येते, दुसरीची शक्यता तपासून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. व्यसनाचा धोका शून्य आहे, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत या औषधांच्या बेसुमार वापराने काय झाले, ते जगाने पाहिले आहे. पण भीतीपोटी सगळ्यांनाच कोरडे ठेवण्याचा परिणामही जगासमोर आहे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये दाखवून दिले की जगात वर्षाला वितरित होणाऱ्या, मॉर्फिनच्या मापात सुमारे २९८ टन भरणाऱ्या या गटातील औषधांपैकी जेमतेम ०.१ टन सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येत होते. अमली पदार्थांवर नियंत्रण आणणाऱ्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेतच वेदनाशमनासाठी ही औषधे अपरिहार्य आहेत आणि त्यांची पुरेशी उपलब्धता राखली पाहिजे, असे म्हटले आहे. कुलूपबंद कपाट, दोन सह्या आणि नोंदवही सांभाळणाऱ्या फार्मासिस्टला या कराराचा पहिला अर्धा भाग चांगला पाठ असतो. दुसऱ्या अर्ध्याची जबाबदारीही त्याची आहे, हे त्याच्या वरिष्ठांनी त्याला सांगायला हवे. साठा संपण्याआधी मागणी नोंदवली नाही म्हणून रुग्ण परत जात असेल, तर नोंदवही कितीही चोख असली तरी तो विभाग आपले काम नीट करत नाही.

यावर डॉक्टरांकडून एक आक्षेप येतो: फार्मासिस्टने सल्ला द्यायला सुरुवात केली तर निर्णय कोणाचा, आणि उत्तरदायित्व कोणाचे? आक्षेप रास्त आहे. निदान आणि औषधाची निवड डॉक्टरांचीच राहील. फार्मासिस्टने आपले मत केसपेपरवर तारखेसह लिहावे, डॉक्टरांनी ते मान्य किंवा अमान्य करावे, आणि अमान्य केल्यास एका ओळीत कारण नोंदवावे. तोंडी सांगितलेला सल्ला कुणाचाच नसतो. दुसरा आक्षेप आमच्याच बाजूचा आहे आणि तो अधिक बोचरा आहे: सगळ्या फार्मासिस्टना हे येते का? नाही येत. पदवी वा पदविका घेताना रसायनशास्त्र भरपूर शिकवले जाते, वेदना असलेल्या माणसाशी बोलायला फारसे शिकवले जात नाही. उपशामक उपचार (पॅलिएटिव्ह केअर) पथकाबरोबर काही महिने प्रत्यक्ष काम केल्याशिवाय ही जबाबदारी कुणाला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, जरी ते माझ्या काही व्यवसायबंधूंना आवडणार नाही.

माणसे कमी आहेत, ही तिसरी सबब. ती खरी आहे; पण सगळीकडे एकदम सुरुवात करावी, असे कुणी म्हणत नाही. कर्करोग विभाग असलेल्या रुग्णालयाने एका फार्मासिस्टला सकाळचे दोन तास खिडकीवरून मोकळे करावे. त्या वेळात त्याने तीव्र वेदनाशामक सुरू असलेल्या प्रत्येक रुग्णाचा तक्ता रक्ततपासणीच्या कागदाशेजारी ठेवून वाचावा आणि शक्य तेव्हा राऊंडला हजर राहावे. घरी जाणाऱ्या रुग्णाला औषधे खाटेपाशीच समजावून द्यावीत, आणि तीही पुढच्या भेटीपर्यंत पुरतील एवढी, मध्ये येणाऱ्या सुट्ट्या धरून. आठवड्याच्या शेवटी संध्याकाळी घाईने सोडलेल्या रुग्णाचे औषध सुट्टीच्या दिवशी मध्यरात्री संपते, हे प्रत्येक औषध विभागाला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट, जिला खर्च जवळजवळ नाही. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी फार्मासिस्टने रुग्णाच्या घरी फोन करावा आणि चार गोष्टी विचाराव्यात: रात्री झोप लागली का, जादा मात्रा किती वेळा घ्यावी लागली, पोट साफ होते का, दिवसा झापड किती असते. उत्तरे लिहून त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवावीत. जादा मात्रा दिवसातून चार-पाच वेळा लागत असेल तर मूळ मात्रा वाढवण्याची वेळ झाली आहे. हाक मारूनही रुग्ण जागा होत नसेल किंवा श्वास मंदावला असेल, तर फोन ठेवून ताबडतोब रुग्णालयात आणायला सांगायचे आहे. पुढच्या भेटीसाठी पंधरा दिवस थांबून हे कळण्यात काही अर्थ नसतो.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही या पत्राच्या निमित्ताने सांगतो: पुढच्या भेटीला जाताना घरातली सगळी औषधे, उरलेली, बंद केलेली आणि दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलीसुद्धा, एका पिशवीत भरून न्या आणि ‘ही पिशवी बघणारे फार्मासिस्ट कोण आहेत?’ असे विचारा. एकाच वेळी दोन नावांनी पॅरासिटॅमॉल घेतले जात असल्याचे अशाच पिशव्यांतून उघड होते. तो प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर व्यवस्थापनाला त्याचे उत्तर म्हणून कुणाची तरी नेमणूक करावी लागेल.

आपला,
एक निवृत्त रुग्णालयीन फार्मासिस्ट